लोटनआप्पांची घरमोटर

तोरणमाळाच्या डोंगरावर पोचल्यावर माणसं आधी दम घेतात, पाणी पितात, चुलीसाठी तीन दगड शोधतात. लोटनआप्पा आधी खड्डा खणत. कमरेइतका खोल आणि दोन हात रुंद. त्यात ते आपलं विजेचं मशीन उतरवत, दोरी ओढून चालू करत, वर आडव्या काठ्या टाकून ओली पोती पसरत आणि पावलं मोजत मोटारीकडे चालू लागत. वीस पावलांवर थांबायचं, डोळे मिटायचे, उजवा कान मागं करायचा आणि जवळ जो कोणी असेल त्याला विचारायचं, "आयकू येस का?"

ऐकू येत असे. चांगलं तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत ऐकू येत असे. पण मी "येतं, आप्पा" म्हटलं, की तो आवाज मीच काढल्यासारखे ते माझ्याकडे बघायचे आणि परत जाऊन पोती नीट करायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला हा प्रश्न चौदा वेळा विचारला. चौदाव्यांदा मी खोटं बोललो आणि ते त्यांना लगेच कळलं.

ही गोष्ट साठ सालाच्या आसपासची. मी तेव्हा शहाद्याजवळ तापीकाठच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. पाटलांच्या ओसरीला लागून एक खोली होती, ती मला राहायला मिळाली होती. त्यामुळे पाटलांच्या घरात काय चाललंय हे मला न विचारता कळायचं आणि विचारलं तर कळायचं नाही. घरात लहानमोठी बत्तीस माणसं. कर्ते पुरुष थोरले भाऊ, त्यांना सगळे बापू म्हणत. त्यांच्या पाठचे लोटनआप्पा. पंचेचाळिशीचे, उंच, हडकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. बाकीच्यांच्या खिशात तंबाखूची चंची असे, आप्पांच्या खिशात पाना. मोटेच्या चाकापासून माझ्या सायकलपर्यंत जे जे फिरतं ते ते त्यांनी एकदा तरी उघडून पाहिलेलं होतं. परत जोडल्यावर एखादा नट उरला, तर तो मुळातच जास्तीचा होता असं त्यांचं मत पडे.

त्या घरात बायको नवऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्यांसमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि नवऱ्याशी अक्षर काढायचं नाही. आणि घरात थोरलं कोणी नाही अशी वेळ कधी यायचीच नाही. रात्री पुरुष बाहेर ओट्यावर, बायका आत. आता संसार म्हटला की सांगण्यासारखं काही ना काही असतंच. त्याची सोय आप्पांनी म्हशीमार्फत केली होती. सकाळी गोठ्यात म्हशीसमोर उभं राहून ते जरा मोठ्यानं म्हणायचे, "आज दुपारले मी मळामा ऱ्हासू." म्हैस रवंथ करत राही. दुपारी बरोबर मळ्यात भाकर पोचे. उलट दिशेनं त्यांची बायको केवळबाई, मी त्यांना केवळवहिनी म्हणायचो, त्या चुलीपुढच्या मांजराला सांगायच्या, "गूळ सरी गया." संध्याकाळी गूळ येई. अशी अठ्ठावीस वर्षं गेली होती. दोन मुलगे मोठे होऊन शेताला लागले होते. म्हशी मात्र मध्ये चार बदलल्या.

मग एका वर्षी कापूस घेऊन नंदुरबारला गेलेले आप्पा परत आले ते मोटार घेऊन. लढाईनंतर लिलावात निघालेली लष्करी मोटार, कुठल्याशा जंगल-ठेकेदाराच्या आवारात उभी होती. मागच्या बाजूला अख्खी लाकडी खोली. चढायला लोखंडी पायरी, दोन खिडक्या, भिंतीला कड्यांनी टांगलेले दोन बाक. बाकांवर निजता येत असे. तिच्यासोबत एक पेट्रोलवर चालणारं विजेचं मशीन होतं. दोन माणसांनी बांबूला अडकवून उचलावं एवढं. मोटार हाकत होता मोटारी दुरुस्त करणारा हुसेन मिस्त्री, आणि आप्पा त्याच्या शेजारी बसून दर वळणावर हॉर्न वाजवत होते.

बापू ओट्यावरून उतरले, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "घर शे ना आपले? मंग चाकवर आखो एक घर कसाले?"

आप्पांनी उत्तर तयार ठेवलं होतं. "डॉक्टरनी हवापालट सांगी. मन्हं पोट बिघडेल शे. उनाळामा एक महिना तोरणमाळले ऱ्हानं पडी."

दुपारीच पाच भाकरी खाल्लेल्या माणसाचं पोट बिघडलंय हे बापूंना पटलं असेल असं मला वाटत नाही. पण डॉक्टरांचं नाव घेतल्यावर त्यांना बोलता येईना. मग आप्पांनी आकाशाकडे बघत पुढचं वाक्य टाकलं, "पथ्यनं रांधाले कोनीतरी संगे पाहिजे." बापूंनी आकाशाकडे पाहिलं, मग गोठ्याकडे पाहिलं आणि ते आत निघून गेले. नकार आला नाही, तेव्हा तो होकार धरण्यात आला.

आप्पा त्या मोटारीत शिरले ते दोन महिने फक्त जेवायला बाहेर येत. टपावर पाण्याचं पिंप बसवलं, त्याला नळी लावली. स्टोव्हसाठी कोपऱ्यात पत्रा ठोकला. चार बल्ब लावले. आमच्या गावात तेव्हा विजेचा खांबसुद्धा आलेला नव्हता. पाटलांच्या घरात बत्तीस माणसं सात कंदिलांवर भागवत, आणि आप्पांच्या मोटारीत एका वेळी चार बल्ब! पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा सगळं गाव जमलं होतं. बल्ब लागले तशा बायकांनी दिवेलागणीला करतात तसा हात जोडून नमस्कार केला. नमस्कार झाल्यावर ते हात तिथून थेट कानांवर गेले. मशीनचा आवाज इतका होता, की खुंट्याला बांधलेला एक बैल खुंटा घेऊन पळाला.

"उजेड चांगला शे," आप्पा ओरडून म्हणाले. दुसरं काही कोणाला ऐकूही आलं नसतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी. पहिल्या वर्षी आप्पांनी मलाही आठ-दहा दिवसांसाठी बरोबर घेतलं. मोटार आता ते स्वतः हाकू लागले होते, बैलगाडीच्या वेगानं. वर जाणारी वाट कच्ची, लाकडाच्या ट्रकांनी पाडलेली. केवळवहिनी मागच्या खोलीत दोन्ही हातांनी बाक धरून, पदर हनुवटीपर्यंत ओढून बसल्या होत्या. घाट संपला, मोटार तळ्याकाठी सपाटीला थांबली, त्या पायरीवरून खाली उतरल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बापू नव्हते. सासू नव्हती. त्यांनी पदर मागं सारला. चार वर्षं मी त्यांच्या दारात राहत होतो, त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. रुंद कपाळ, नाकात फुली, आणि डोळ्यांत असं काही, की आता कोणीतरी आपल्याला रागावणार.

तिथल्या बंद शाळेत मी पथारी टाकली होती. पण संध्याकाळी मोटारीपाशी जाऊन बसायचो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. वहिनींना अंधाराची भीती. बत्तीस माणसांच्या घरात निजायची सवय, कूस बदलली तरी कोणाला तरी हात लागायचा. इथं फळ्यांच्या पलीकडे एकदम जंगल. तेव्हा उजेड हवाच, म्हणजे मशीन हवंच. मशीन चालू केलं, की वहिनींच्या जिवात जीव यायचा आणि त्या काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या. आप्पा कानाला हात लावून पुढं वाकायचे. वहिनींचा आवाज बारीक. अठ्ठावीस वर्षं मांजराला सांगायच्या बेतानं बोललेला आवाज तो, मशीनपुढे काय टिकणार! मग आप्पा धावत जाऊन मशीन बंद करायचे. गुडूप अंधार. वहिनी घोंगडी डोक्यावरून घेऊन अशा गप्प व्हायच्या, की श्वास घेतायत की नाही कळू नये. आप्पा पाच मिनिटं वाट बघायचे. मग पुन्हा दोरी ओढायचे. उजेड, आवाज, वहिनींचं हलणारं तोंड, आप्पांचा कानाला लावलेला हात. एका संध्याकाळी पाच वेळा. मला आधी हसू आलं, नंतर येईनासं झालं.

एके दुपारी ते प्लग साफ करत बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, एवढा खटाटोप कशासाठी? खरं सांगा, पोट बरं आहे ना?"

"पोटले काय व्हयेल शे," ते म्हणाले. "गुरुजी, अठ्ठावीस वरीस व्हयनात लगीनले. हाई बाई बोलस कशी, ते माले माहीत नई. अन् माले बी तिले एक सांगनं शे. घरमा सांगता येत नई. आठे हाई मशीन सांगू देत नई."

"काय सांगायचंय?"

त्यांनी प्लगमध्ये फुंकर मारली, उन्हात धरून पाहिला, पुन्हा फुंकर मारली. तो प्लग केव्हाच साफ झाला होता. मी उठलो.

नवव्या दिवशी वहिनी कंटाळल्या. जन्माची सवय, त्यामुळे सांगितलंही मोटारीच्या चाकाला. "घर बरं. तठे मानसं तरी शेत." आप्पांनी ते ऐकलं, कारण मशीन बंद होतं. दुसऱ्या दिवशी मोटार खाली आली. बापूंनी विचारलं, "पोट?" आप्पा म्हणाले, "नऊ दिवसमा काय व्हस!" आणि त्यावर पुढच्या वर्षाची तजवीज झाली.

खड्ड्याची सुरुवात दुसऱ्या वर्षी. मशीन आणि माणसं यांच्यात अंतर पाडायचं, असा त्यांचा विचार. त्यासाठी दोनशे फूट वायर आणली. पन्नास फुटांवर आवाज तेवढाच. शंभर फुटांवर जरा कमी. दीडशेवर कानाला बरं वाटू लागलं, पण बल्ब पिवळा पडला. मशीन लष्करी, कमी दाबाचं. वायर वाढली की वीज वाटेतच दमायची. दोनशे फुटांवर मशीन जवळजवळ गप्प झालं आणि बल्बातली तार पेटत्या विडीच्या टोकाएवढी लाल दिसू लागली. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि घोंगडी ओढली. आप्पा अंधारात पावलं मोजत मशीन परत आणायला गेले.

एकदा त्यांनी मशीनवर गोधडी पांघरली. वहिनींच्या हातची, जुन्या लुगड्यांची. अर्ध्या तासात ती पेटली. एकदा धुराड्याची नळी पाण्यानं भरलेल्या मडक्यात सोडली. आवाज खरंच निम्मा झाला, पण तो आता गुडगुडीसारखा येऊ लागला आणि मडकं तापून फुटलं. हुसेन मिस्त्रीनं बॅटऱ्यांची युक्ती काढून दिली होती: मशीन दिवसा चालवायचं, बॅटऱ्या भरून घ्यायच्या, संध्याकाळी मशीन बंद ठेवून बॅटऱ्यांवर दिवे लावायचे. युक्ती उत्तम होती. पण बॅटऱ्या मोटारीबरोबर आलेल्या, लढाईच्या वेळच्या. दिवसभर मशीन ओरडलं, संध्याकाळी बल्ब भक्कन लागले, आणि वहिनी "आप..." एवढं म्हणतायत तोवर विझले. वर एका बॅटरीतलं ॲसिड सांडून वहिनींच्या नव्या लुगड्याची चाळण झाली. ती बॅटरी आप्पांनी तळ्याकडे पाठ करून, लांब नेऊन पुरली.

हे सगळं शेजारून खेत्या बघत असे. खेत्या पावरा, तिथल्याच डोंगरातला आदिवासी. हाकेच्या अंतरावर त्याची झोपडी, पुढं आगटी, म्हणजे शेकोटी. संध्याकाळी तो, त्याची बायको, पोरंबाळं तिच्याभोवती. कोयता खांद्यावर टाकून तो खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राही, एक शब्द बोलत नसे. पंधरा दिवसांनी त्यानं मला बाजूला घेऊन मोडक्यातोडक्या अहिराणीत विचारलं, की तुमचा पाटील या यंत्राला रोज संध्याकाळी पुरतो आणि सकाळी उकरून काढतो, हा कुठल्या देवाचा विधी? मी त्याला समजावून सांगितलं. ते त्याला पटलं नाही. खड्ड्याला हात जोडून तो घरी गेला.

त्या वर्षी वहिनी अठरा दिवस टिकल्या. खाली आल्यावर बापूंनी आप्पांना आपादमस्तक न्याहाळून जाहीर केलं, "पोट बरं दिसस. आते एक साल जा. मंग हाई धूड इकी टाकूत." आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून मांजराला सांगितल्याचं कानावर आलं, "पुढला साले शेवटलं जासू. मंग नई." दोन्ही निकाल आप्पांनी ऐकून घेतले. म्हणजे आता एकच उन्हाळा राहिला. त्यात मशीन गप्प झालं नाही, तर उरलेलं आयुष्य पुन्हा म्हशीमार्फत.

त्या वर्षभर आप्पांना दुसरं काही सुचत नव्हतं. कापसाला भाव काय आला ते विचारलं, तर ते धुराड्याचा व्यास सांगत. शेवटी हुसेन मिस्त्रीनं सायलेन्सर करून द्यायचं कबूल केलं. मिस्त्रीनं तेव्हा विसरवाडीला हमरस्त्याच्या कडेला दुकान टाकलं होतं, ट्रकांच्या दुरुस्तीचं. विसरवाडी माझी सासुरवाडी. तेव्हा ठरलं असं, की आप्पा आणि वहिनींनी मेच्या सुरुवातीला पुढं जायचं, आणि मी सासुरवाडीहून सायलेन्सर घेऊन मागून पोचायचं. निघताना आप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, "गुरुजी, इसरू नका. सगळं तुमनाच वर शे." शाळा तपासणीच्या आदल्या दिवशीसुद्धा मला इतकी जबाबदारी वाटली नव्हती.

मिस्त्रीनं काम मन लावून केलं होतं. ट्रकचा जुना सायलेन्सर कापून आत पत्र्याचे पडदे बसवले होते. "गुरुजी, मशीन बोलेगी नहीं," तो म्हणाला, "सिर्फ साँस लेगी." फक्त तो पाट्याएवढा जड होता आणि वेळेवर झाला नव्हता. चार दिवसांचं काम बारा दिवस चाललं. रोज सकाळी मी दुकानासमोर जाऊन उभा राहायचो, आणि तो रोज एखाद्या ट्रकच्या खालून पाय हलवून मला 'उद्या' म्हणायचा. अखेर पोत्यात गुंडाळलेला तो ऐवज मांडीवर घेऊन मी नंदुरबारची एसटी धरली. तिथून शहादा, आणि शहाद्याहून लाकडाच्या ट्रकनं वर. शर्टाला काजळी, मांडीला वळ, आणि डोक्यात एकच हिशेब: महिन्यातले अर्धे दिवस गेले, वहिनी टिकल्या असतील का?

ट्रकनं मला तळ्याच्या अलीकडे उतरवलं तेव्हा दिवस बुडाला होता. पोतं खांद्यावर मारून मी चालू लागलो, आणि थोडं गेल्यावर थबकलो. मशीनचा आवाज नव्हता. मशीन मोडलं, किंवा वहिनी खाली गेल्या, दोन्हीतलं एक. मोटार जागेवर होती, पण अंधारात. खड्डा बुजवलेला होता. मशीन एका झाडाखाली बाजूला ठेवलेलं, त्याच्यावर कोणाचं तरी धोतर वाळत घातलं होतं.

मग मला बोलणं ऐकू आलं. एका बाईचं. सलग, स्पष्ट, मध्येच हसणारं. मी आवाजाच्या दिशेनं गेलो. खेत्याच्या आगटीपुढे त्याची बायको दगडावर चारोळ्या फोडत बसली होती. तिच्यासमोर केवळवहिनी, पदर खांद्यावर, हातवारे करत बोलत होत्या. वहिनींची अहिराणी, तिची पावरी. एकमेकींचं किती कळत होतं देव जाणे, पण दोघी मान डोलावत होत्या. आणि दोन हात मागं, एका ओंडक्यावर आप्पा बसले होते. हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं. गावात मिनिटभर स्वस्थ न बसणारा माणूस. मला पाहून त्यांनी नुसती बोटं हलवली: बसा, बोलू नका.

मी बसलो. आगटीचा उजेड चांगला तीस पावलांपर्यंत पडला होता. जनावर फिरकायचं कारण नव्हतं आणि आवाज म्हणाल, तर लाकूड तडकल्याचा. हिवाळ्यात कापसाच्या राखणीला जन्मभर शेकोटी करून बसलेला हा माणूस, आणि तीन वर्षं त्याला हे सुचलं नाही! मला तरी कुठे सुचलं? मी तर सायलेन्सर मांडीवर घेऊन जिल्हाभर फिरलो. वीज म्हटल्यावर आम्हा दोघांची डोकी एकदम चालायची थांबली होती. आणि हे खेत्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण विधीत बोलू नये म्हणून तो बोलला नाही.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "चार वरीसनी व्हती मन्ही सुमन." मी सावध झालो. त्या घरात मी इतकी वर्षं राहिलो, हे नाव कधी ऐकलं नव्हतं. बत्तीस माणसांपैकी कोणाच्याही तोंडून. पुढचं ऐकणं बरं नव्हे असं वाटून मी हळूच उठलो आणि शाळेत जाऊन पथारी पसरली.

सकाळी आप्पा स्वतःच आले. पोत्यातला सायलेन्सर पाहिला, फिरवला, "काम चांगलं शे" म्हणाले आणि खाली ठेवून दिला. मग शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं ते असं.

आल्यावर दोन दिवस मशीन चालू होतं. तिसऱ्या संध्याकाळी वहिनी उठल्या आणि काही न सांगता सरळ खेत्याच्या आगटीवर जाऊन बसल्या. "मी उजेडमा एकटा बठेल, गुरुजी, अन् ती तठे आगटीवर हासी ऱ्हायनी. माले दिसे, पन आयकू ये ना. मंग मी उठनू अन् मशीन बंद कयं. तिना आवाज चांगला मोटरपावत उना. पह्यला डाव आयका मी."

"आणि सुमन?" मी विचारलं.

सुमन त्यांची मुलगी, दोन मुलांच्या मधली. तीन दिवस ताप आला आणि गेली. वीस वर्षं झाली. थोरले पाटील, आप्पांचे वडील, तेव्हा हयात होते, ओसरीवर बसलेले. बापासमोर आपलं मूल उचलून घ्यायचं नाही, ही रीत. मग बापासमोर आपल्या मुलासाठी रडणं तर लांबच. चुलत्यानं पोर उचलली. आप्पा मान खाली घालून मागून चालले. वहिनी आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात. त्यानंतर घरात कोणी नाव काढलं नाही. आणि म्हशीला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"आठ रोज पह्यले ती खेत्यानी बाईले सांगी ऱ्हायनी," आप्पा म्हणाले. "म्हने, पोरगीनी जात व्हती, म्हनीसन याले काही वाटनं नई. एक आसू काढा नई यानी. माले नई सांगं, गुरुजी. त्या बाईले सांगं. वीस वरीस मनमा धरी ठेयेल व्हतं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. विद्यार्थ्यांच्या ठेवतो तसा.

"मंग मी सांगं तिले. तठेच, आगटीवर, खेत्यासमोर. दुपारले बाप निजे, तू रांधामा ऱ्हास. तवय मी पाळनामाईन तिले काढू अन् खांदावर घी सन मळामा जाऊ. हीरना पानी दखाडाले. रोज. तठे ती पह्यला डाव माले आप्पा म्हननी. घरमा कोनले माहीत नई. आजपावत नई."

हेच सांगायचं होतं. एवढंच. त्यासाठी मोटार, मशीन, खड्डे, दोनशे फूट वायर. मी पोतं घडी घालू लागलो.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"मंग इचारं, खांदावर बठी का ती हासे का? मी सांगं, गंज हासे. टोपी काढी टाके मन्ही." आप्पांनी बाहीनं नाक पुसलं. "आते रोज इचारस. काय बोले, काय खाये, हीरले भ्ये का. मी रोज सांगस. जे याद येस ते."

ते उठले. उन्हं वर आली होती, वहिनींनी चहा ठेवला असेल म्हणाले. दोन पावलं गेल्यावर थांबून त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"आखो बारा रोज शेत, गुरुजी," ते म्हणाले. "मंग खाले जानंच शे."